आरोपी माशीची ओळखपरेड

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमधील ‘बटरफ्लाय कॉन्झर्व्हेशन’ या संस्थेने देशातील फुलपाखरांच्या बाबतीत आणीबाणी जाहीर केली. आणीबाणी या शब्दाने भारतीय वाचकाच्या मनात निराळ्याच आठवणी जाग्या होतात. येथे मात्र कोणाला तुरुंगात टाकलेले नव्हते. फक्त एक मोजणी झाली होती. त्या देशात दर उन्हाळ्यात हजारो सामान्य नागरिक बागेत पंधरा मिनिटे थांबून दिसतील तेवढी फुलपाखरे मोजतात आणि आकडे संस्थेकडे पाठवतात. २०२३ साली प्रत्येक मोजणीस सरासरी १२ फुलपाखरे दिसली होती; २०२४ साली ७. मोजणी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक होता. स्मॉल टॉर्टॉइजशेल हे नारिंगी-काळ्या पंखांचे फुलपाखरू एकेकाळी तेथील घरोघरच्या बागेत आढळे. १९७६ साली पद्धतशीर नोंदी सुरू झाल्या, तेव्हापासून त्याची संख्या तीन-चतुर्थांशांहून अधिक घटली आहे.

एखादी परिचित गोष्ट नाहीशी होऊ लागली की आरोपीचा शोध सुरू होतो. या प्रकरणात आरोपींची उणीव नाही. कीटकनाशके आहेत, कोरडे पडत चाललेले उन्हाळे आहेत, कुरणे मोडून झालेली शेते आहेत. परंतु ज्या आरोपीने इंग्लंडमधील वाचकांची कल्पनाशक्ती सर्वांत अधिक चाळवली, तो आहे एक परदेशी माशी. तिचे शास्त्रीय नाव स्टर्मिया बेला. युरोपच्या मुख्य भूमीवर ती पूर्वापार आहे; ब्रिटनमध्ये तिची पहिली नोंद १९९८ साली, दक्षिणेकडे झाली. नंतरच्या वर्षांत ती उत्तरेकडे पसरत गेली, आणि त्याच सुमारास दक्षिणेत स्मॉल टॉर्टॉइजशेल विरळ होऊ लागले. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या की पहिली दुसरीचे कारण असली पाहिजे, असे मानण्याची मनुष्यस्वभावाला सवय आहे. वर्तमानपत्रांनाही ती आहे.

ही माशी करते काय, हे समजून घेण्यासारखे आहे. स्मॉल टॉर्टॉइजशेलच्या अळ्या नेटल नावाच्या खाजऱ्या वनस्पतीवर वाढतात. स्टर्मियाची मादी त्या झुडपाच्या पानांवर जेमतेम दिसतील इतकी बारीक अंडी घालते. अळी पान खाते, पानाबरोबर अंडेही गिळते आणि शत्रूला स्वतःच घरात घेते. आत उबलेली माशीची अळी यजमानाला तत्काळ मारीत नाही. ते तिच्या हिताचे नसते. यजमान पूर्ण वाढला, कोषात गेला की ती त्याचे शरीर पोखरून बाहेर पडते आणि एका चिकट तंतूवरून जमिनीकडे उतरते. ज्याने फुलपाखराची वाट पाहत कोष जपून ठेवला असेल, त्याला मिळते एक करडी, केसाळ, घरातल्या माशीसारखी दिसणारी माशी.

टॅकिनिड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या कुळात ही माशी मोडते, त्याच्या साडेआठ हजारांहून अधिक जाती जगभर नोंदल्या गेल्या आहेत. एकट्या ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक. यातील जवळजवळ साऱ्या जाती दुसऱ्या कीटकांच्या शरीरात वाढतात आणि बहुधा त्यांना मारूनच प्रौढ होतात. प्रौढ माशी मात्र फुलांवर जगते. गाजर, बडीशेप, कोथिंबीर यांच्या कुळातील छत्रीसारख्या पसरट फुलोऱ्यांत मध उथळ असतो आणि या माश्यांची सोंड बहुधा आखूड असते, म्हणून त्यांची तेथे विशेष गर्दी होते. इंग्लंडमधील बागेत कोणी कॅमेरा घेऊन अशा फुलोऱ्यापाशी उभा राहिला, तर तासाभरात अर्धा डझन निरनिराळ्या परोपजीवी माश्यांची छायाचित्रे त्याला मिळू शकतात. त्यांतील दोन-तीन तरी त्याच्या आजोबांनी त्या बागेत पाहिलेल्या नसाव्यात.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हे. जिम्नोसोमा रोटुंडाटम ही वाटोळ्या नारिंगी पोटाची, त्यावर काळे ठिपके असलेली माशी पाहा. दुरून ती लेडीबर्ड भुंगेऱ्यासारखी दिसते. ती ढेकण्यांच्या, म्हणजे उग्र वास सोडणाऱ्या ढालीच्या आकाराच्या किड्यांच्या शरीरात वाढते. काही दशकांपूर्वी ब्रिटनमध्ये तिची गणना दुर्मीळ कीटकांत होत असे आणि सरे परगण्याच्या आसपासच्या मोजक्या जागांपलीकडे ती सहसा मिळत नसे. आज ती दक्षिण इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी दिसते. एक्टोफेसिया क्रॅसिपेनिस ही रंगीत पंखांची, चपट्या पोटाची युरोपीय माशी गेल्या काही वर्षांत दक्षिण इंग्लंडमध्ये नोंदली गेली आहे. तिचे भक्ष्यही ढेकण्याच. आणि ढेकण्याही स्वस्थ बसलेल्या नाहीत. भारतातील कडधान्यांच्या शेतकऱ्याला परिचित असलेली नेझारा ही हिरवी ढेकण्या २००३ साली खुद्द लंडनमध्ये पिले घालताना आढळली. यजमान निघाला, त्यामागे पाहुणाही निघाला, असे हे चित्र आहे.

या हालचालींमागे हवामान आहे, ही गोष्ट आता वादातीत आहे. १९९९ साली कॅमिल पार्मेझान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील स्थलांतर न करणाऱ्या ३५ फुलपाखरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शतकभरात त्यांतील ६३ टक्के जातींचे वसतिक्षेत्र ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेकडे सरकले होते. दक्षिणेकडे सरकलेल्यांचे प्रमाण अवघे ३ टक्के. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये कोनिंग्जबी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला. नागपूरच्या माणसाला या आकड्याचे कौतुक वाटणार नाही, पण ज्या देशाची झाडे, घरे आणि माश्या वीस-बावीस अंशांच्या उन्हाळ्यावर पोसल्या आहेत, तेथे त्याचा अर्थ निराळा होतो.

मात्र सारे जीव एका वेगाने सरकत नाहीत. ब्राऊन आर्गस या छोट्या फुलपाखराने ब्रिटनमध्ये उत्तरेकडे विस्तार केला, तेव्हा नव्या मुलखात त्याच्या अळ्यांना परोपजीवींचा उपद्रव जुन्या मुलखापेक्षा कमी होत असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. फुलपाखरू पुढे गेले होते, शत्रू मागे राहिले होते. स्टर्मियाच्या बाबतीत उलटे घडले. तेथे यजमान जागच्या जागी होता आणि शत्रू त्याच्या दारी आला. एकाच तापमानवाढीने एका फुलपाखराला मोकळे रान दिले आणि दुसऱ्याच्या मागे नवा मारेकरी लावला. ‘हवामानबदलाचा फुलपाखरांवर परिणाम’ असे ठोकळेबाज शब्द वापरणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मग स्टर्मिया दोषी आहे की नाही? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आणि २०११ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता : कारण की योगायोग? त्यांनी रानातून अळ्या गोळा केल्या, वाढवल्या आणि प्रत्येकीतून काय निघते ते पाहिले. स्टर्मियाचा प्रादुर्भाव मोठा होता, आणि जेथे ती होती तेथे अळ्या जगण्याचे प्रमाण कमी होते. आरोपपत्र येथपर्यंत भक्कम दिसते. परंतु ही माशी पीकॉक नावाच्या दुसऱ्या फुलपाखरावरही हल्ला करते. त्याच्या अळ्याही नेटलवरच वाढतात, आणि ते फुलपाखरू तसे कोसळलेले नव्हते. तेव्हा माशीचा हात असावा, पण तो एकटीचा असल्याचे सिद्ध होत नाही, असा सावध निकाल संशोधकांना द्यावा लागला. कोरड्या उन्हाळ्यात सुकणारे नेटल आणि इतर कारणे आरोपींच्या पिंजऱ्यातून बाहेर पडू शकली नाहीत.

हा सावधपणा शक्य झाला, कारण प्रत्येक अळीतून निघालेल्या माशीला कोणीतरी खात्रीने नाव देऊ शकले. सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. स्मॉल टॉर्टॉइजशेलच्या अळीतून निघणारी प्रत्येक माशी स्टर्मिया नसते. पेलाटॅकिना टिबिआलिस आणि फ्रिक्सी व्हल्गॅरिस या त्याच कुळातील माश्या ब्रिटनमध्ये जुन्या रहिवासी आहेत आणि त्याही याच अळ्यांत वाढतात. तिघी करड्या, तिघी केसाळ. त्यांच्यात भेद करायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली छातीवरील राठ केसांच्या ओळी मोजाव्या लागतात, डोके समोरून आणि बाजूने निरखावे लागते, पंखातील शीर कोठे वळते ते पाहावे लागते, कित्येकदा नराचे जननेंद्रिय सोडवून तपासावे लागते. जुन्या रहिवाशांचा गुन्हा परक्याच्या नावावर टाकणे यामुळे किती सोपे आहे, हे सांगावयास नको. माणसांच्या जगातही ते सोपेच असते.

टॅकिनिड कुळाची सर्वसाधारण खूण छातीच्या मागच्या टोकाखाली असलेला एक जास्तीचा फुगवटा ही होय. चांगल्या भिंगातून तो दिसतो. कुळ ओळखण्यापर्यंत हौशी माणूस थोड्या सरावाने पोचू शकतो. जात ओळखणे हा निराळा उद्योग आहे. बागेत काढलेले सुंदर रंगीत छायाचित्र येथे बहुधा अपुरे पडते. जिम्नोसोमाचेच पाहा. पोटावरचे ठिपके पाहून तिला ओळखले असे वाटते. पण ब्रिटनमध्येच तिच्या भावकीतील आणखी जाती आहेत, आणि त्यांच्यातील फरक छातीवरील सोनेरी लुकणीचा विस्तार, कपाळावरचे केस अशा गोष्टींत लपलेला असतो. छायाचित्रात माशीची पाठ झकास येते, कपाळ येत नाही.

यात आणखी एक पेच आहे, तो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. माश्या ओळखण्यासाठी तज्ज्ञ जी पुस्तके वापरतात ती एक प्रकारची प्रश्नावली असते : मांडीवर केस आहेत काय? असतील तर अमुक पानावर जा, नसतील तर तमुक. ब्रिटिश टॅकिनिड माश्यांसाठी असे पुस्तक व्हॅन एम्डेन यांनी १९५४ साली आणि बेलशॉ यांनी १९९३ साली तयार केले. ही पुस्तके परिश्रमाने केलेली आहेत. परंतु प्रश्नावलीचा स्वभाव असा, की ती कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. पुस्तक लिहिले गेले तेव्हा जी जात देशात नव्हती, ती त्या प्रश्नांतून गेली की शेवटी कोणा स्थानिक जातीचे नाव लेवून बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणजे वसतिक्षेत्रे जितक्या वेगाने सरकतील तितक्या वेगाने ओळखीची साधने जुनी होणार, आणि नवागत माशी काही वर्षे जुन्या नावाखाली सुखाने नांदणार. एखादी जात ‘नवी आली’ असे म्हटले जाते, तेव्हा ती खरोखर नवी आली की प्रथमच ओळखली गेली, हे ठरवायला एकच मार्ग उरतो. तो म्हणजे संग्रहालयातील जुने पेटारे उघडून, टाचणीला लावलेले पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचे नमुने पुन्हा तपासणे. नमुन्याच्या टाचणीला तारीख, गाव आणि तो कोणत्या अळीतून निघाला याची चिठ्ठी असेल, तर तो साक्षीदार होतो. नसेल तर धूळ.

नाव चुकले तर कोणत्या थराला चूक जाऊ शकते, याचे बोलके उदाहरण कोस्टा रिकात मिळाले. डॅनियल जॅन्झन आणि विनिफ्रेड हॉलवॉक्स या दांपत्याने तेथील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात वर्षानुवर्षे सुरवंट वाढवून त्यांतून निघणाऱ्या माश्या जमवल्या. बेल्व्होसिया या गटात त्यांना बाह्य रूपावरून २० जाती दिसत होत्या. त्यांपैकी १७ जाती ठरावीक यजमानालाच धरून राहणाऱ्या होत्या, तर ३ मिळेल तो यजमान चालवून घेणाऱ्या वाटत. २००६ साली या माश्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या ३ ‘सर्वभक्षी’ जाती प्रत्यक्षात १५ निघाल्या. वीसांच्या बत्तीस झाल्या, आणि नव्याने उलगडलेल्या बऱ्याच जाती आपापला यजमान सांभाळून राहणाऱ्या होत्या. कीड मारण्यासाठी परदेशातून माशी आणू इच्छिणाऱ्या कोणत्याही सरकारने हा निबंध फायलीला जोडून ठेवावा.

कारण तशा माश्या आणल्या गेलेल्या आहेत. जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य भागातील जंगले बोडकी करण्यास आरंभ केला, तेव्हा १९०६ साली युरोपातून काँप्सिल्युरा काँसिनाटा ही टॅकिनिड माशी आणून सोडण्यात आली. ती यजमानाची कातडी टोचून थेट जिवंत अळी आत सोडते. ही माशी जिप्सी मॉथपुरती थांबली नाही. शंभराहून अधिक जातींच्या अळ्यांत ती वाढू शकते. मॅसॅच्युसेट्समधील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की तेथील सिक्रोपियासारखे भव्य देशी पतंग दुर्मीळ होण्यात तिचा वाटा मोठा असावा. ज्यांनी ती आणली त्यांचा हेतू वाईट नव्हता. माशीचा तर कसलाच हेतू नव्हता.

इंग्लंडमधील बागेतला हा वाद महाराष्ट्राला दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण टॅकिनिड माशीच्या सीमोल्लंघनाचा फटका भारतातील शेतकऱ्याने फार पूर्वी खाल्ला आहे. रेशमाच्या अळीला मारणारी उझी माशी पश्चिम बंगालला जुनीच ठाऊक होती. कर्नाटकात ती नव्हती. १९८० साली बंगालमधून आणलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात पोचली. तेथे हवामान बदलण्याची वाट तिला पाहावी लागली नाही. माणसानेच तिला गाडीत घातले. मादी रेशीमअळीच्या अंगावर अंडे चिकटवते, आत शिरलेली माशीची अळी काळा डाग मागे ठेवते, आणि कोष विणून झालाच तर तो भोकसून बाहेर पडते. भोक पडलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही. देशातील सर्वांत मोठ्या रेशीम प्रदेशात ही आपत्ती शिरली ती तपासणीच्या ढिलाईमुळे, असे म्हटल्यास कोणावर अन्याय होणार नाही. आज मराठवाड्यात बीड, जालना भागात तुतीची लागवड वाढली आहे आणि संगोपनगृहाच्या खिडक्यांना बारीक जाळी लावण्याचा सल्ला तेथील शेतकऱ्याला याच माशीमुळे दिला जातो. नेसोलिंक्स थायमस ही चिमुकली गांधीलमाशी उझीच्या कोषांत अंडी घालते. तिचा उपाय म्हणून वापर होतो. परोपजीवीवर परोपजीवी, असा हा न्याय आहे.

आणि येथेही नावाचा घोळ आहेच. उझी माशीवरील भारतीय लेखन चाळले तर ती कोठे ट्रायकोलायगा बॉम्बिसिस, कोठे एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स, तर कोठे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस या नावाने भेटते. हा केवळ पंडितांचा शब्दच्छल नव्हे. ही माशी फक्त रेशीमअळीवर जगते, की रानातील इतर सुरवंटांतही तग धरते, यावर तिचा बंदोबस्त अवलंबून आहे. आणि ते ठरवण्यासाठी रानातील सुरवंटातून निघालेली माशी आणि संगोपनगृहातील माशी एकच आहे की दोन, हे आधी कळले पाहिजे. गडचिरोली, भंडारा भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर पिकवणाऱ्यांना जी ‘उझी’ छळते ती तर निराळीच, ब्लेफॅरिपा झेबिना नावाची माशी आहे. बोलीत दोघी उझीच. तुतीच्या अळ्यांना जाळीच्या खिडकीआड ठेवता येते. टसरच्या अळ्या उघड्या झाडावर असतात, तेथे जाळी कशाला लावणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. याच कुळातील स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही माशी उसाच्या खोडकिडीची शत्रू आहे. म्हणजे महाराष्ट्रात एका शेतकऱ्याच्या बांधावर टॅकिनिड माशी मित्र असते आणि दुसऱ्याच्या संगोपनगृहात वैरी. पऱ्हाटीवर, तुरीवर, भाजीपाल्यावर सरसकट फवारणी होते तेव्हा यांतील कोण मरते याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ठेवायचे ठरवले तरी मेलेल्या माशीचे नाव सांगणारा माणूस जिल्ह्यात मिळत नाही.

तो का मिळत नाही, याचे उत्तर पुरातन नाही. इंग्रजी अमदानीत ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही प्राणिवर्णनाची ग्रंथमाला निघाली. माश्या आणि डासांना वाहिलेले तिचे खंड १९१२ ते १९४० या काळात प्रसिद्ध झाले. डासांना दोन खंड मिळाले, कारण हिवतापाने साहेबही मरत असे. टॅकिनिड कुळाचा खंड निघालाच नाही. १९७६ साली क्रॉस्की यांनी दक्षिण व आग्नेय आशियातील या माश्यांचा एक जाडजूड आढावा लंडनच्या संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केला, आणि भारतातील अभ्यासकाला अजून त्याचा आधार घ्यावा लागतो. १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे, बंगळुरूला कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि तेथील मोजक्या माणसांच्या कामाबद्दल आदरच वाटावा. पण विद्यापीठांत वर्गीकरणशास्त्र हा विषय जुनाट ठरला आहे. केसांच्या ओळी मोजणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळणे अवघड आणि नोकरी मिळणे त्याहून अवघड. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने हे काम आता यंत्रच करील, असे सांगितले जाते. यंत्र जुळणी करते. पण ज्याच्याशी जुळवायचे तो खात्रीचा, नाव दिलेला नमुना आधी कोणीतरी ठेवलेला असावा लागतो. कोस्टा रिकातही अगोदर वर्षानुवर्षे सुरवंट वाढवले गेले, मग यंत्र आले.

महाराष्ट्रात पुष्कळ शाळांतून रुईच्या पानांवरील पट्टेरी सुरवंट बरणीत वाढवून मुलांना फुलपाखराचा जन्म दाखवण्याची पद्धत रूढ होत आहे. ती चांगली आहे. दर वर्षी त्यांतील काही कोषांतून फुलपाखरू निघत नाही, करडी माशी निघते. मुले हिरमुसतात आणि शिक्षक बरणी धुऊन टाकतात. ती माशी मद्यार्काच्या कुपीत टाकून वर तारीख, गाव आणि यजमानाचे नाव लिहिले, तर दहा वर्षांत राज्यातल्या टॅकिनिड माश्यांचा असा नकाशा तयार होईल, जो आज कोणत्याही खात्याजवळ नाही. त्यासाठी कृषी विद्यापीठांनी मिळून एखादे संग्रहकेंद्र चालवले आणि त्यावर दोन कायम पदे दिली, तरी आरंभ होऊ शकेल. कुप्या शाळा देतील. त्या कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या, हे राज्य सरकारने सांगायचे आहे.